पिल्लाची आई बघितलीस का?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात गावाकडचा एक तरुण माझ्याकडे आला. टोपलीत लॅब्राडोरचं पिल्लू, मादी, जेमतेम पाच आठवड्यांची. म्हणाला, "डॉक्टर, हिला नीट वाढवतो, वर्षाची झाली की लावतो. वेताला आठ पिल्लं धरली तरी दोन वेतांत एका म्हशीचे पैसे सुटतात." हिशोब मोबाइलवर करूनच आणला होता. मी विचारलं, "हिची आई बघितलीस का?" तर नाही. पिल्लू हायवेला गाडीतूनच हातात दिलं होतं.

आता गंमत बघा. हाच पोरगा म्हैस घ्यायला गेला असता तर दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय दावं सोडलं नसतं. वळू ठेवायचा तर त्याच्या आईचं दूध विचारतो आपण. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तोंड गोड दिसलं की खिशात हात जातो.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. १९९६ साली, नोकरी नवी होती तेव्हा, मीही अशीच लॅब्राडोर मादी आणली. नाव राणी. आईबाप न बघता, डॉक्टर असून! मनात पैदाशीचाच बेत होता. दीड वर्षाची झाली आणि सकाळी उठताना कण्हायला लागली. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायची. एक्स-रे काढला, तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या उखळीत नीट बसलेलाच नव्हता, काठावर टेकलेला. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा वजनदार जातींत हा दोष फार. लाडाने खाऊ घालून वजन वाढवलं की आणखी बिघडतो, पण मूळ रक्तातून येतं. आणि अडचण अशी, की चांगल्या चालणाऱ्या आईबापांकडूनही तो पिल्लांत उतरतो. म्हणून चालीवर जायचं नाही, आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे मागायचा. तोही कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावर काढलेला, त्याआधी पक्कं सांगता येत नाही. राणीचं ऑपरेशन करून तिची पैदास मी कायमची बंद केली. अकरा वर्षं घरात राहिली.

"पण डॉक्टर, पेपर आहेत ना!" हे हमखास ऐकायला मिळतं. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. कुत्र्याचे बापजादे कोण, एवढंच ते सांगतं. तब्येतीची हमी देत नाही. तरी ते वाचा, फाइलला लावून टाकू नका. आईकडच्या आणि बापाकडच्या रांगेत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर थांबा, म्हणजे जवळच्या नात्यातच पैदास झालीय. आपले मेंढपाळसुद्धा कळपातला मेंढा दोन-तीन वर्षांनी बदलतात, ते काही हौस म्हणून नाही. पेपरवरचा मायक्रोचिपचा, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या बारीक चिपचा, आकडा यंत्र लावून कुत्र्याच्या अंगातल्या आकड्याशी जुळतो का बघा, आणि मालकी आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर उद्या तुमच्या पिल्लांना पेपर मिळणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१७ पासून श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत. पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांच्या वर नाही. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून विकायचं नाही. म्हणजे आमच्या त्या तरुणाच्या टोपलीतलं पिल्लू मुळात विकायलाच नको होतं.

नर निवडताना दोन गोष्टी. एक, ब्रुसेलोसिस या रोगाची रक्ततपासणी दोघांचीही. यात पिल्लं दिवस भरायच्या आत पडतात. दुसरी, नराच्या आणि मादीच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालसर गाठ आहे का, ते डॉक्टरकडून बघून घ्या. ती गाठ कर्करोगाचीच असते आणि संबंधातून एकाची दुसऱ्याला लागते. आपल्याकडे मोकाट कुत्र्यांत भरपूर आहे, त्यामुळे माजावर आलेली मादी अंगणात मोकळी सोडायची नाही.

आता विण्याची रात्र. दिवस भरतात साधारण त्रेसष्ट. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा थर्मामीटर लावा. एरवी एकशे एक-दोनच्या आसपास असलेलं अंगाचं तापमान नव्व्याण्णवच्या खाली उतरलं, की साधारण चोवीस तासांत विते. पहिलटकरीण बावरते, पिल्लू पिशवीत तसंच ठेवून बघत बसते. तिथे तुम्ही लागता. पिशवी नाकावरून बोटांनी फाडायची, तोंडातला चिकटा पुसायचा, कोरड्या टॉवेलने पाठ चोळत राहायचं. मुठीत ओलं, निपचित काहीतरी असतं, मिनिटभर काहीच होत नाही, आणि मग एक बारीक चीं. पण अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू येत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवं पाणी गेलं, तर टॉवेल ठेवा आणि गाडी काढा. रात्री अडीच वाजता सिझेरियन कोण करेल, हे महिनाभर आधी विचारून ठेवायला हवं. त्याचं बिल मोबाइलवरच्या हिशोबात नव्हतं. नरवाल्याची फी किंवा तो निवडून नेईल ते पिल्लूही नव्हतं.

आणखी एक. गाभण कुत्रीला कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. म्हशीच्या सवयीने पाजतात. उलट त्यानेच शरीर आपलं कॅल्शियम काढायला आळशी होतं, आणि विल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दूध जोरात असताना, कुत्री धापा टाकते, पाय ताठ होतात, झटके येतात. तेव्हा घरगुती उपाय नाही, डॉक्टरकडून शिरेतून कॅल्शियमच द्यावं लागतं.

परवा त्या तरुणाचा फोन आला. पत्ता काढून पिल्लाची आई बघून आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि उठताना मागून लटपटत होती म्हणे. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आता हिचं काय करू? परत देऊ का?"

"देणार आहेस का?"

"नाही. माझी आई तिला ताटलीतून दूधभात भरवते."

म्हटलं, दूध जरा कमी कर, जंताचं औषध दे, आणि लसीची तारीख चुकवू नकोस. दोन वर्षांची झाली की घेऊन ये, एक्स-रे काढू.