अळवावरचे पाणी आणि रंगीत पडदा

अळूच्या पानावर पडलेला पावसाचा थेंब पसरत नाही. पान हलताच तो मोत्यासारखा घरंगळून जातो. मात्र पाण्याला दूर ठेवणाऱ्या अशाच पृष्ठभागाखाली विद्युतदाब दिला, तर गोल थेंब चपटा होतो आणि पृष्ठभागाला बिलगतो. या परिणामाला इलेक्ट्रोवेटिंग म्हणतात.

विजेच्या साहाय्याने द्रवाचा पृष्ठताण बदलता येतो, हे गाब्रिएल लिपमन यांनी १८७५ मध्ये पाऱ्यावरील प्रयोगांतून दाखवले. पुढे याच शास्त्रज्ञाला रंगीत छायाचित्रणाच्या पद्धतीसाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हा योगायोग विलक्षण वाटतो. पाणी थेट विद्युतअग्राला लागले, की थोड्याच विद्युतदाबाने त्याचे विघटन सुरू होते; ही अडचण फ्रान्समधील ब्रुनो बेर्ज यांनी १९९३ मध्ये दोहोंच्या मधोमध पातळ विद्युतरोधक थर घालून दूर केली.

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हेस आणि योहान फेन्स्ट्रा यांनी २००३ मध्ये यातून पडद्यावर चित्र उमटवले. त्यांच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात पाण्याखाली रंगीत तेलाचा पातळ थर असे. विद्युतदाब दिला, की पाणी तळाकडे ओढले जाई, तेल कोपऱ्यात सरके आणि खालचा पांढरा रंग उघडा पडे. ही हालचाल चलच्चित्र दाखवण्याइतकी वेगवान होती. त्यातून २००६ मध्ये लिक्वाव्हिस्टा ही कंपनी निघाली; ती आधी सॅमसंगकडे, मग २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेली आणि २०१८ मध्ये बंद झाली.

कोपऱ्यात सरकलेले तेल दिसतच राहते, ही या रचनेची उणीव आहे. त्यावर अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात जेसन हायकेनफेल्ड यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेला उपाय आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी प्रत्येक कप्प्यात एक खोल कुंड आणि त्याला जोडलेला, वर पसरलेला उथळ पाट कोरला. उथळ पाटाच्या अरुंद जागेत द्रवाच्या कडेला अधिक वक्रता येते आणि त्याचा आतला दाब वाढतो. म्हणून विजेवाचून रंगद्रव्य आपोआप कुंडात परतते, आणि कुंडाने व्यापलेली दृश्य जागा दहा टक्क्यांहून कमी असल्याने ते जवळजवळ दिसेनासे होते. विद्युतदाब दिला, की तेच रंगद्रव्य पाटात ओढले जाऊन कप्पाभर पसरते. पुढे वर आणि खाली असे दोन पाट सारख्याच उंचीचे ठेवून, वीज बंद केल्यावरही रंग जागच्या जागी थांबवता आला.

असा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. कागदाप्रमाणे तो पडलेला प्रकाश परतवतो, त्यामुळे भर उन्हातही वाचता येतो. मात्र रंगांचा प्रश्न येथेच कठीण होतो. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या शेजारी शेजारी लावल्या, तर पांढऱ्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांतच शोषला जातो आणि पांढरा रंग करडा दिसतो. याउलट, छापखान्यात एकावर एक छापतात तसे निळसर, किरमिजी आणि पिवळ्या द्रवांचे तीन थर रचले, तर प्रत्येक ठिकाणी हवा तो रंग मिळतो. पण मग तिन्ही थरांतील कप्पे तंतोतंत एकाखाली एक यावे लागतात, आणि थरांमधील काच जितकी जाड, तितके तिरप्या नजरेला रंग एकमेकांपासून सुटे दिसू लागतात.