हेस्टिंग्जनंतरची वीस वर्षे

श्रोतेहो, बायो या फ्रेंच गावाच्या नावाने ओळखली जाणारी, लिननच्या कापडावर रंगीत लोकरीने भरलेली सुमारे ७० मीटर लांबीची एक पट्टी आहे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंडवर केलेल्या स्वारीची हकीकत तिच्यावर चित्ररूपाने आलेली आहे. पाहणाऱ्याची नजर आधी जहाजे, घोडे, चिलखते आणि शेवटची हातघाई यांवर जाते, आणि ते साहजिक आहे. माझी नजर मात्र दरवेळी लढाईच्या आधीच्या दोन लहानशा प्रसंगांवर अडते. पहिल्यात मजूर फावड्यांनी माती उपसून हेस्टिंग्ज येथे एक टेकाड रचीत आहेत. दुसऱ्यात दोन माणसे एका घराला आग लावीत आहेत, आणि त्या घरापाशी एक बाई आपल्या मुलाचा हात धरून उभी आहे. तिचे नाव पट्टीवर नाही. 'येथे घर जाळले जाते' एवढ्याच अर्थाचे लॅटिन शब्द वर भरलेले आहेत.

इंग्लंड एका दिवसात जिंकले गेले, असे आपण शिकत आलो. १४ ऑक्टोबर १०६६ या दिवशी हेस्टिंग्जच्या लढाईत एक राजा पडला आणि त्याचे सैन्य मोडले, हे खरे आहे. परंतु देश जिंकला गेला तो त्यानंतरच्या वीस वर्षांत, आणि त्या कामी तलवारीइतकाच वाटा त्या मातीच्या टेकाडाचा, त्या जळत्या घराचा आणि पुढे लिहिल्या गेलेल्या जमिनीच्या एका दप्तराचा होता. आज मला मांडायचे आहे ते हेच.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडून जहाजांनी येऊन लुटालूट करणारे लोक. ९११ च्या सुमारास फ्रँकांचा राजा चार्ल्स याने त्यांच्या रोलो नावाच्या पुढाऱ्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख तोडून दिला, आणि पुढच्या दीडशे वर्षांत हे लोक ख्रिस्ती झाले, फ्रेंच बोलू लागले आणि घोड्यावरून लढण्यात तरबेज झाले. इंग्लंडचा राजा एडवर्ड याची आई एम्मा रोलोच्याच घराण्यातली, आणि त्याच्या तारुण्याची बहुतेक वर्षे आजोळच्या आश्रयाला गेलेली. तो ५ जानेवारी १०६६ रोजी निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यातला सर्वांत बलाढ्य सरदार हॅरॉल्ड गॉडविनसन याने मुकुट धारण केला. एडवर्डने गादी आपल्याला कबूल केली होती आणि खुद्द हॅरॉल्डने संतांच्या अवशेषांवर हात ठेवून तशी शपथ वाहिली होती, असे विल्यमचे म्हणणे होते. ही हकीकत आपल्यापर्यंत मुख्यतः नॉर्मनांच्या लेखणीतून आलेली आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचली पाहिजे.

त्या वर्षीचा उन्हाळा हॅरॉल्डने दक्षिण किनाऱ्यावर विल्यमची वाट पाहण्यात घालवला. त्याचे सैन्य दोन प्रकारचे होते. पदरी बाळगलेले, लांब दांड्याची दानिश कुऱ्हाड दोन्ही हातांनी चालवणारे हाउसकार्ल हे एक, आणि जमिनीच्या हिशेबाने गावोगावहून ठरावीक मुदतीसाठी येणारी 'फर्ड' ही फौज हे दुसरे. मुदत संपली, शिधा संपला, आणि ८ सप्टेंबरला ही फौज घरोघर पाठवावी लागली. त्याच सुमारास नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्ड्राडा सुमारे ३०० जहाजे घेऊन उत्तरेत उतरला, आणि त्याच्या सोबतीला होता तो हॅरॉल्डचाच सख्खा भाऊ, हद्दपार झालेला टोस्टिग. २० सप्टेंबरला फुलफर्ड येथे त्यांनी उत्तरेच्या दोन अर्लांचा, म्हणजे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणाऱ्या सरदारांचा, पराभव केला. हॅरॉल्ड लंडनहून यॉर्कपर्यंतची सुमारे ३०० किलोमीटरची मजल काही दिवसांत मारून गेला, आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे शत्रू बेसावध असतानाच त्याने त्याला गाठले. नॉर्वेचा राजा पडला, टोस्टिगही पडला. उरलेल्यांना परत न्यायला २४ जहाजे पुरली, असे इंग्रज बखरीत नोंदलेले आहे. तीन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, वाऱ्याने दिशा बदलताच इंग्लिश खाडी ओलांडलेला विल्यम घोड्यांसह पेव्हेन्सीला उतरला होता. हॅरॉल्डचा पराभव त्याच्या आळसामुळे किंवा अविचारामुळे झाला असे म्हणणाऱ्यांनी हे तीन आठवडे एकदा डोळ्यांपुढे आणावेत. थकलेले सैन्य घेऊन तो पुन्हा सारा देश उभा ओलांडून आला, आणि लंडनला जेमतेम थांबून हेस्टिंग्जकडे निघाला.

लढाई सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाली आणि अंधार पडेपर्यंत चालली. त्या काळच्या लढाया तासा-दोन तासांत निकालात निघत. ही दिवसभर चालली, यावरूनच दोन्ही बाजू किती तुल्यबळ होत्या हे कळते. इंग्रज घोड्यांवरून रणांगणाशी येत, पण लढत पायी. टेकडीच्या माथ्यावर त्यांनी ढालीला ढाल भिडवून भिंत उभी केली. नॉर्मनांकडे तिरंदाज, पायदळ आणि घोडदळ अशी तीन अंगे होती, परंतु चढावर धावून जाणाऱ्या घोड्यांना ती भिंत फोडता येईना. विल्यमच्या डावीकडचे ब्रेटन, म्हणजे ब्रिटनी प्रांतातले सैनिक, मागे हटले, विल्यम पडल्याची आवई उठली, तेव्हा त्याला शिरस्त्राण वर करून आपला चेहरा सैन्याला दाखवावा लागला. हटणाऱ्यांच्या पाठलागावर काही इंग्रज उतारावरून खाली आले आणि उघड्यावर कापले गेले. पुढे नॉर्मनांनी मुद्दाम पळ काढल्याचा देखावा करून हाच डाव पुन्हा साधला, असे त्यांचे लेखक सांगतात. संध्याकाळपर्यंत हॅरॉल्डचे भाऊ गर्थ आणि लिओफ्वाइन पडले होते आणि अखेर हॅरॉल्डही पडला. बाण डोळ्यात शिरला की घोडेस्वारांनी तोडले, हा वाद पट्टीवरच्या त्या एका चित्रावरून आजही चालतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, एका घराण्याचे तीन कर्ते पुरुष एकाच माळावर संपले आणि प्रतिकाराचे नेतृत्व करू शकेल असा प्रौढ माणूस उरला नाही.

तरीही लंडनने दरवाजे उघडले नाहीत. तेथील मंडळींनी एडवर्डच्या घराण्यातल्या एडगर या कोवळ्या मुलाला राजा म्हणून निवडले. विल्यमने सरळ शहरावर चालून जाण्याऐवजी डोव्हर आणि कँटरबरी घेतली, थेम्सच्या दक्षिणेचे सदर्क जाळले, दूर पश्चिमेला वॉलिंगफर्डला नदी ओलांडली आणि शहराभोवती उजाड मुलखाचे कडे ओढीत तो बर्कॅमस्टेडला आला. तेथे इंग्रज सरदार शरण आले. त्या वर्षीच्या नाताळाच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये त्याला राज्याभिषेक झाला. आत जमलेल्यांना इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये विचारले गेले, त्यांनी मोठ्याने रुकार दिला, आणि बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांनी त्या आरोळ्यांचा अर्थ उठाव असा लावून आसपासच्या घरांना आगी लावल्या. राजा आणि रयत यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, हे पहिल्याच दिवशी असे उघडे झाले.

आता त्या टेकाडाकडे वळू. नॉर्मनांचा किल्ला म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडी दुर्गांसारखी वस्तू नव्हे. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचे उंच टेकाड करायचे, माथ्यावर लाकडी मनोरा उभारायचा आणि पायथ्याशी कुंपण घातलेले आवार ठेवायचे. वेठीला धरलेल्या शंभर-दोनशे माणसांकडून तो थोड्या दिवसांत उभा करता येई. यॉर्कमधला दुसरा किल्ला आठ दिवसांत उभा राहिल्याचे सांगतात. इंग्रजांची तटबंदी सबंध शहराभोवती असे आणि ती शहरातल्या लोकांचे रक्षण करी. नॉर्मनांचा किल्ला शहराच्या आत, शहराकडे तोंड करून उभा राही, आणि मूठभर घोडेस्वार त्यातून साऱ्या परिसरावर वचक ठेवीत. १०६८ मध्ये विल्यमने वॉरिक, नॉटिंगहॅम, यॉर्क, लिंकन, हंटिंग्डन, केंब्रिज अशी त्यांची रांगच उभी केली. लिंकनमध्ये किल्ल्याच्या जागेसाठी १६६ घरे पाडली गेली, केंब्रिजमध्ये २७. हे आकडे विजेत्यांच्याच दप्तरात आहेत.

उत्तरेने हे मान्य केले नाही. जानेवारी १०६९ मध्ये डरहॅम येथे विल्यमचा नवा अर्ल रॉबर्ट द कोमीन आपल्या माणसांसह मारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दानिश आरमार आले, इंग्रज बंडखोर त्याला मिळाले आणि यॉर्कचे दोन्ही किल्ले पडले. विल्यमने शहर परत घेतले, विंचेस्टरहून मुकुट मागवून जळक्या यॉर्कमध्ये नाताळचा दरबार भरवला, आणि मग आपल्या सैन्याच्या तुकड्या खेड्यापाड्यांत सोडल्या. धान्य, जनावरे, अवजारे, अन्नाचे साठे यांचे ढीग करून ते जाळण्यात आले, जेणेकरून हंबर नदीच्या उत्तरेला माणसाला जगण्याचे साधनच राहू नये. हे लढाईच्या भरात घडलेले नाही. ते भर हिवाळ्यात, शांतपणे ठरवून केलेले आहे. तेथून निघालेली कुटुंबे दक्षिणेत दूरवरच्या एव्हशॅमच्या मठापर्यंत पोहोचली, आणि अन्न मिळूनही रोज पाच-सहा माणसे तेथे मरत होती, अशी नोंद त्या मठाच्या वृत्तान्तात आहे. ऑर्डरिक व्हिटालिस हा भिक्षू-इतिहासकार, इंग्रज आईचा मुलगा, नॉर्मंडीच्या मठात वाढलेला. विल्यमची त्याने अनेक ठिकाणी प्रशंसा केली आहे. परंतु या कृत्यापाशी येऊन तो थांबतो आणि लिहितो की निरपराध्यांना उपाशी मारणाऱ्या या कामाची स्तुती आपल्याच्याने होणार नाही. त्याने मृतांचा आकडा एक लाख दिला आहे. तो मोजलेला आकडा नव्हे, घटनेनंतर अनेक वर्षांनी ती आठवण किती मोठी राहिली होती त्याचे ते माप आहे.

या साऱ्याचा हिशेब लिहिला गेला तो डूम्सडे बुकात. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे विल्यमने दरबाऱ्यांशी दीर्घ मसलत केली आणि राज्यभर पाहणी करण्याचे हुकूम सोडले. प्रत्येक ठिकाणी पंचांना शपथेवर विचारायचे: ही जमीन एडवर्ड राजाच्या काळी कोणाकडे होती, आता कोणाकडे आहे, नांगर किती, गिरण्या किती, कुळे किती, गुलाम किती, तेव्हा मोल काय होते आणि आज काय आहे. एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा सुटले नाही, असे एका इंग्रज बखरकाराने शरमेने लिहिले आहे. माझ्या मते या दप्तरातील सर्वांत बोलकी गोष्ट त्याची कालगणना आहे. जुन्या हक्काची तारीख म्हणून 'एडवर्ड राजा जिवंत होता आणि वारला तो दिवस' धरलेला आहे. हॅरॉल्डचे नऊ महिन्यांचे राज्य त्यात नाही; त्याचा उल्लेख येतो तो बहुधा अर्ल म्हणून. तो राजाच नव्हता असे एकदा ठरले की त्याच्या बाजूने लढलेला प्रत्येक जमीनदार बंडखोर ठरतो, आणि त्याची जमीन कायदेशीरपणे जप्त होते. लढाई जिंकून जे मिळाले नव्हते ते या एका वाक्यरचनेने मिळाले. १०८६ मध्ये थेट राजाकडून मोठी जहागीर धरणाऱ्यांत खरे इंग्रज असे दोघेच दिसतात, आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वाइन. एकेकाळी गावोगाव हजारोंनी असलेले 'थेन', म्हणजे इंग्रज जमीनदार, मारले गेले, परागंदा झाले, किंवा बापाच्याच जमिनीवर कूळ म्हणून राबू लागले. यॉर्कशायरच्या पानांवर मात्र ठिकठिकाणी एकच नोंद येते: 'उजाड आहे'.

सत्ता ज्याची, न्यायाची भाषाही त्याची झाली. कोठे अनोळखी प्रेत सापडले आणि मारेकरी मिळाला नाही, तर मेलेला इंग्रज होता असे सिद्ध करावे लागे. नाहीतर तो नॉर्मन समजून साऱ्या परिसराला दंड बसे. हा दंड १३४० पर्यंत टिकला. कोर्ट, जज, अपील, वॉरंट, ज्युरी हे शब्द नॉर्मनांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत रुजले आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. आज तालुक्याच्या कचेरीत तारखेला आलेला शेतकरी ते मराठी म्हणूनच बोलतो.

ज्यांना देशात राहणे असह्य झाले त्यांतील काही जण थेट कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि बायझँटाइन सम्राटाच्या पदरी कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. १०८१ मध्ये दुऱ्हाखिअन येथे, म्हणजे आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावर, सम्राटाच्या या पहारेकरी दलाची गाठ पुन्हा नॉर्मनांशीच पडली, इटलीतून आलेल्या रॉबर्ट गिस्कारच्या सैन्याशी. ते आवेशाने फार पुढे गेले, मुख्य फौजेपासून तुटले, आणि ज्या चर्चमध्ये त्यांनी आसरा घेतला ते नॉर्मनांनी त्यांच्यासह जाळले.

विल्यम ९ सप्टेंबर १०८७ रोजी रुआँ येथे वारला. त्याचे शव काँ येथे, त्यानेच बांधलेल्या सेंट स्टीफनच्या मठात नेण्यात आले. प्रेतसंस्कार चालू असताना गर्दीतून आस्लां नावाचा एक मनुष्य पुढे आला आणि म्हणाला की, तुम्ही उभे आहात ती माझ्या बापाच्या घराची जागा आहे, या माणसाने ती जबरदस्तीने घेतली, आणि माझ्या जमिनीत त्याला पुरण्यास मी मनाई करतो. शेजाऱ्यांनी त्याचे म्हणणे खरे असल्याची साक्ष दिली. तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी कबरीपुरत्या जागेचे ६० शिलिंग त्याच्या हातावर ठेवले, उरलेल्या जमिनीची भरपाई देण्याचे वचन दिले, आणि मग राजाला खाली उतरवण्यात आले, असे ऑर्डरिकने लिहून ठेवले आहे.