रताळ्याच्या पाईवर उभी राहिलेली शाळा

नमस्कार, श्रोतेहो. आज एका बाईंविषयी बोलणार आहे. बाई म्हणजे आपण शाळेत हाक मारायचो, त्या अर्थानं बाई. नाव मेरी मॅक्लाउड बेथ्यून.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, मेझविल गावाजवळ, १८७५ साली त्यांचा जन्म झाला. सतरा भावंडांतलं हे पंधरावं मूल. आईवडील आधी गुलाम होते. मेरी लहानपणापासून शेतात कापूस वेचायची. एकदा आईबरोबर गोऱ्या मालकाच्या घरी गेली असताना तिनं तिथलं एक पुस्तक सहज हातात घेतलं. त्या घरची मुलगी म्हणाली, "ठेव ते. तुला कुठं वाचता येतं?" हा प्रसंग बाई पुढे आयुष्यभर सांगत. मिशनची शाळा निघाली, तेव्हा घरातून एकटी मेरी शिकायला जाऊ लागली, रोज मैलोन्‌मैल चालत. संध्याकाळी परतली की दिवसभरात शिकलेलं घरच्यांना शिकवायची. पुढच्या शिक्षणाचा खर्च डेन्व्हरमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं उचलला. तिनं मेरीला तोवर पाहिलंही नव्हतं.

मेरीला खरं तर मिशनरी होऊन आफ्रिकेत जायचं होतं. शिकागोत त्याचं शिक्षणही घेतलं. पण आफ्रिकेत पाठवायला कृष्णवर्णीय मिशनरी नको होते! कमाल आहे की नाही? मग बाई शिक्षिका झाल्या.

१९०४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथं त्यांनी मुलींची शाळा काढली. हाताशी दीड डॉलर. घराचं भाडं मात्र महिन्याला अकरा डॉलर. विद्यार्थी म्हणाल तर पाच मुली आणि बाईंचा स्वतःचा मुलगा. खोक्यांची बाकं केली, जळक्या लाकडाच्या ढलप्यांच्या पेन्सिली केल्या, एल्डरबेरीच्या फळांच्या रसाची शाई केली.

मला बाईंचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्यांच्या मागण्याचं. हात पसरायला आपल्याला कसंनुसं होतं. बाईंना झालं नाही. त्या घरोघरी फिरल्या, चर्चमध्ये उभ्या राहिल्या, हॉटेलांत उतरलेल्या धनिक पाहुण्यांना मुलींची गाणी ऐकवली. जागा हवी होती, तर गावाचा कचरा टाकायची पडीक जमीन पसंत केली. इसारापुरते पाच डॉलरही जवळ नव्हते. मग रताळ्याच्या पाई, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि आइस्क्रीम करून मजुरांना विकलं, आणि ती चिल्लर रुमालात बांधून मालकापुढे ठेवली. साबणाच्या कारखान्यामुळे गडगंज झालेले जेम्स गॅम्बल शाळा बघायला आले, तेव्हा म्हणे त्यांनी विचारलं, "मी विश्वस्त व्हावं म्हणता, ती शाळा आहे कुठं?" बाई म्हणाल्या, "माझ्या मनात." गॅम्बल विश्वस्त झाले.

स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर बाईंनी कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी सुरू केली. तेव्हा एका रात्री कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या दहशती संघटनेचे लोक शाळेवर चालून आले. शाळेनं दिवे लावले, मुलींनी भजनं म्हटली, आणि ते लोक आले तसे निघून गेले. बाई मतदानाला गेल्याच, आणि आपल्याबरोबर लोकांनाही घेऊन गेल्या.

१९२३ मध्ये शाळा कुकमन नावाच्या एका संस्थेशी जोडली गेली. त्यातूनच आजचं बेथ्यून-कुकमन विद्यापीठ उभं राहिलं. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात बाईंनी तरुणांसाठीच्या खात्याच्या एका विभागाचं संचालकपद सांभाळलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तर बाईंच्या मैत्रीणच झाल्या. राष्ट्राध्यक्षांची एक काठी एलिनॉरबाईंनी त्यांना भेट दिली होती. बाई काठी घेऊन फिरत, पण आधारासाठी नव्हे, रुबाबासाठी!

१९५५ साली बाई गेल्या. वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लोरिडा राज्याच्या वतीनं गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. तो हलवला, आणि २०२२ मध्ये तिथं बाईंचा संगमरवरी पुतळा बसवला. एका हातात काळा गुलाब आहे. दुसऱ्या हातात ती काठी.