नवा फोन, जुना नंबर आणि मधली गाठ

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक संध्याकाळी घरी आले. हातात दोन फोन. एक सहा वर्षं वापरलेला अँड्रॉइड आणि दुसरा मुलीने घेऊन दिलेला नवाकोरा आयफोन. म्हणाले, "ताई, फोटो आले, सगळ्यांचे नंबर आले, व्हॉट्सॲपसुद्धा आलं. यूपीआयने पैसे मात्र जात नाहीत."

मी नवा फोन हातात घेतला. मेसेज लिहायची चौकट उघडली होती. वर एक अनोळखी नंबर आणि खाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, कशाचा कशाला पत्ता नाही. सरांनी ती चौकट तीनदा बंद केली होती. मला त्यांचं कौतुकच वाटलं, कारण बँकेत नोकरीला असताना लोकांच्या सभांमधून मी वर्षानुवर्षं सांगत आले की अनोळखी नंबरला काही पाठवू नका, न कळणारा मजकूर पुढे ढकलू नका. आणि इथे नेमका तोच मेसेज पाठवायचा होता.

तो का पाठवायचा, हे कळलं की आजचा अर्धा विषय संपला, म्हणून इथे जरा थांबते. यूपीआयमध्ये तुमचं खातं बँकेत असतं, पण "हा फोन याच माणसाचा आहे" ही खात्री एका गाठीवर उभी असते. खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम आणि हातातला फोन यांची ती गाठ. ती बांधायला फोनमधून, त्याच सिमवरून, एक सांकेतिक एसएमएस जातो. पलीकडच्या यंत्रणेला दिसतं की मेसेज या नंबरवरून आला, या फोनमधून आला, आणि गाठ बसते. फोन बदलला की ती सुटते. फोटो दुसरीकडे नेता येतात, ही गाठ नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. तशी नेता आली असती तर चोरालाही नेता आली असती.

आता अँड्रॉइड आणि आयफोन यांतला फरक. अँड्रॉइडवर तुम्ही एकदा परवानगी दिलीत की ॲप तो एसएमएस स्वतःच पाठवून टाकतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. आयफोन कुठल्याही ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही. तो मजकूर तुमच्यासमोर आणून ठेवतो आणि पाठवायचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. आयुष्यभर अँड्रॉइड वापरलेला माणूस तिथे घाबरतो.

मग खरा कुठला आणि फसवणुकीचा कुठला? ॲप तुम्ही स्वतः उघडलंत, स्वतः नंबर टाकलात आणि त्याच क्षणी ती चौकट आली, तर पाठवा. कुणी फोनवर बोलत असेल, "आजी, मी एक मेसेज पाठवतो, तो अमुक नंबरला फॉरवर्ड करा" असं म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या. तो मेसेज तुमच्या सिमवरून गेला की तुमचा नंबर त्याच्या फोनशी बांधला जातो. चुकून गेलाच, तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा.

सरांची अडचण मात्र इतक्यावर मिटली नाही. मी विचारलं, "जुन्या फोनवर यूपीआय लाइट होतं का?" होतं. भाजीवाल्याला, रिक्षाला पिन न टाकता पटकन देता यावेत म्हणून त्यांनी त्यात साडेसहाशे रुपये ठेवले होते. लाइटचं हे पाकीट त्या-त्या फोनपुरतं असतं. म्हणून आम्ही सिम परत जुन्या फोनमध्ये घातलं, लाइट बंद केलं, साडेसहाशे रुपये खात्यात जमा झालेले पाहिले आणि मगच सिम नव्या फोनमध्ये टाकलं. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. नवा फोन आला की जुना लगेच पुसून नातवाला देऊ नका. आठ दिवस तरी राहू द्या.

पिनची चिंता करू नका. यूपीआयचा पिन तुमच्या खात्याचा असतो, फोन बदलला तरी तोच चालतो. सिमची चिंता मात्र करा. त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, किंवा साधं सिम बदलून ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम) केलं, की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात. एसएमएस बंद म्हणजे गाठ बांधता येत नाही. फोन आणि सिम एकाच दिवशी बदलणारे लोक दिवसभर ॲपला दोष देत बसतात.

आणि गाठ बसल्यावरही लगेच सगळं मोकळं होत नाही. नव्या फोनवर सुरुवातीला एकूण ५००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. काही बँकांमध्ये ही मुदत अँड्रॉइडवर २४ तासांची आणि आयफोनवर ७२ तासांची आहे. सरांना तिसऱ्या दिवशी नातीच्या बारशाच्या हॉलचे पैसे भरायचे होते.

आता दुसरा भाग. फोन व्यवस्थित बसला, मग पैसे नेहमी जातात का? यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. हे काम मोठंच आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण तुम्ही स्कॅन करून पिन टाकता तेव्हा तुमचं ॲप, ॲपच्या मागची बँक, मधली एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), तुमची बँक आणि दुकानदाराची बँक अशा सगळ्यांनी काही सेकंदांत एकमेकांना उत्तर द्यायचं असतं. एक जरी गप्प बसला तरी पडद्यावर "पेंडिंग" येतं. १२ एप्रिल २०२५ ला देशभर व्यवहार अडकले, तेव्हा एनपीसीआयने सांगितलेलं कारण असं होतं की "माझ्या व्यवहाराचं काय झालं" या चौकशांचाच बँकांकडून पूर आला होता. चौकशांनी रस्ता तुंबला आणि पैसे मागे राहिले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून या चौकशांवर मर्यादा आली, आणि शिल्लक पाहण्यावरही, एका ॲपवर दिवसाला ५० वेळा. फोन महागाचा असो की साधा, या साखळीत काही फरक पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला मी औषधाच्या दुकानात होते. ८४० रुपयांचं बिल. माझ्या खात्यातून पैसे कट झाल्याचा मेसेज आला, पण काउंटरवरचा स्पीकर बोलेना. मागे चारजण उभे होते. काउंटरवरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "काकू, मेसेज दिसतोय मला, पण शेठला हिशोब द्यावा लागतो." त्याचा आवाज अगदी खाली आला होता. ८४० रुपये त्याच्या पगारातून गेले असते. मी पर्समधून रोख दिली. त्याने कॅलेंडरच्या मागे माझा नंबर आणि "८४० कट, आले नाहीत" असं लिहून ठेवलं.

बँकेत माझी बारा वर्षं ताळमेळाच्या टेबलावर गेली, म्हणून मला भीती वाटली नाही. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत, तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानाचे असतील तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. त्यापुढे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, तुम्ही न मागता. माझे पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. म्हणून "पेंडिंग" दिसलं की घाईने पुन्हा स्कॅन करू नका, तो व्यवहार क्रमांक जपून ठेवा. ॲपमध्येच त्या व्यवहाराखाली तक्रारीची सोय असते.

पण त्या रात्री पर्समध्ये रोख नसती तर? माझे पैसे सुरक्षित होते, गोळ्या मात्र काउंटरपलीकडेच राहिल्या असत्या. खिशात पाचशे-हजार ठेवणाऱ्या आजोबांना घरची मुलं हल्ली हसतात. त्यांना हसू नका. आणि दुकानदार मंडळींनो, "कॅश चालणार नाही" अशी पाटी लावू नका. तुमचा स्पीकर गप्प बसेल त्या दिवशी तीच नोट तुमच्या कामाला येणार आहे.

सरांनी हॉलचे पैसे चेकने दिले. कपाटातून चेकबुक काढलं तर आधीचा चेक २०२१ सालचा निघाला. चौथ्या दिवशी मर्यादा उठल्यावर त्यांनी नव्या फोनवरून मला एक रुपया पाठवला आणि लगेच फोन करून विचारलं, "आला का?" आला होता. जुना फोन अजून त्यांच्या टेबलावर आहे, चार्जिंगला लावलेला.