बॅटरी वॉरंटीत असूनही क्लेम का नाकारतात?

नमस्कार मंडळी! किल्ली फिरवली, नुसतं टक-टक झालं, गाडी काही सुरू होईना. बॅटरी अजून वॉरंटीत आहे, म्हणून तुम्ही ती घेऊन दुकानात जाता आणि तिथे ऐकायला मिळतं, 'बॅटरी चांगली आहे, फक्त उतरलीय.' कितीतरी क्लेम याच वाक्यावर अडतात.

उतरलेली बॅटरी वेगळी आणि खराब झालेली वेगळी. वॉरंटी असते ती खराब झालेल्या बॅटरीला. रात्रभर दिवा चालू राहिला, गाडी बरेच दिवस जागची हलली नाही, तरी चांगली बॅटरी उतरते. म्हणून दुकानदार आधी ती काही तास चार्जिंगला लावतो. ही टाळाटाळ नाही. उतरलेल्या बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे तिच्यावर मोठा भार टाकून केलेली तपासणी, घेऊन काहीच कळत नाही.

आता हा मल्टिमीटर बघा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. फुल चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. आत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण 2.1 व्होल्ट. ही दुसरी बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, सकाळी काढून ठेवली, आणि आत्ता मीटर काय म्हणतो? 10.5! एका सेलचे व्होल्ट गायब. हा सेल गेलाय, आणि असा क्लेम नाकारणं अवघड असतं. मीटरचा आकडा आणि बॅटरीवरचा सीरियल नंबर एकाच फोटोत येऊ द्या.

पण 12.6 दिसले म्हणजे बॅटरी ठणठणीत, असंही नाही. लोड पडला की खरं काय ते कळतं. लोड टेस्टला साधारण पंधरा सेकंद भार देतात. तेवढ्यात व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं, तर बॅटरी कामातून गेली. हे रीडिंग तोंडी ऐकून घरी येऊ नका, पावतीवर लिहून मागा. तुमचा तो हक्कच आहे असं मला ठामपणे वाटतं.

बिल आणि वॉरंटी कार्ड सोबत असू द्या. केस फुटलेली किंवा टर्मिनल तुटलेलं असेल, तर सहसा क्लेम बसत नाही.

नवी बॅटरी मिळाली, तरी वॉरंटी बहुतेक वेळा नव्याने सुरू होत नाही. जुनीचीच उरलेली मुदत पुढे चालते. आणि प्रो-राटाचा काळ, म्हणजे बॅटरी जितकी वापरली त्या हिशोबाने सूट देण्याचा काळ, लागला असेल तर बॅटरी फुकट नाही, फक्त सूट मिळते. फुकट बदलाची आणि प्रो-राटाची, कार्डावरच्या या दोन्ही मुदती आजच वाचा.

नवी बसवली की गाडी चालू ठेवून टर्मिनलवर पुन्हा मीटर लावा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 12.6 च्याही खाली उतरत चाललं असेल, तर लगेच अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासून घ्या, नाहीतर ही बॅटरीही उतरणार.