गिरगावची छापील चित्रे

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या वस्तीचा इतिहास रेखाटून त्या चित्रांच्या प्रती घरात लावण्याची हौस हल्ली शहरांतून दिसू लागली आहे. तिच्याविषयी बोलताना मी गिरगावाचे उदाहरण घेणार आहे.

गिरगाव म्हटले की चित्रकार बहुधा खोताच्या वाडीकडे वळतात. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांनी बांधलेली, बाहेरून लाकडी जिना असलेली रंगीत घरे कोणालाही मोह पाडतील अशीच आहेत. परंतु गिरगावातील बहुसंख्य माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती चाळींत. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा करणारी केशवजी नाईकांची चाळ, तिच्या गॅलऱ्या, कठड्यांवर वाळणारे कपडे हे सारे चित्रांत फारच कमी येते. चाळ देखणी नाही, असे आपणच ठरवून टाकले आहे की काय, कोण जाणे!

दुसरी गोष्ट सालाची. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. तिच्या शेजारीच आजचे काचेचे मनोरे रेखाटले, तर चित्र आकर्षक होते, पण ते कोणत्याही काळचे राहत नाही. म्हणून प्रतीखाली ती कितवी याचा क्रमांक आणि चित्रकाराची सही असते, तसेच चित्रात दाखवलेले सालही असावे, असे माझे मत आहे.

छापील चित्रांशी गिरगावाचे एक नाते असे आहे, की ते या चित्रांत आवर्जून यायला हवे. शिळाछापात दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरतात. याच पद्धतीने चित्रे छापणारा, 1894 साली मुंबईत सुरू झालेला रविवर्मा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके नंतर चित्रपटाकडे वळले आणि 3 मे 1913 रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तो गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात. ते थिएटर आज नाही. त्याचे चित्र काढायचे, तर जुनी छायाचित्रे, नकाशे आणि त्या काळच्या जाहिराती धुंडाळाव्या लागतील. एवढे करूनही भिंतींचा रंग कळला नाही, तर तो कल्पनेने भरला आहे, असे कोपऱ्यात एका ओळीत नमूद करावे. त्याने प्रतीची किंमत कमी होत नाही.