पुरातून निघालेली मोटरसायकल

श्रोतेहो, नमस्कार.

पाणी ओसरतं, घरातला चिखल काढून होतो आणि मग लक्ष जातं मोटरसायकलकडे. आडवी पडलेली, सीटपर्यंत गाळ. अशा वेळी हात आपोआप किल्लीकडे जातो. ‘बघू तरी, चालू होते का!’ आज मी जे बोलणार आहे ते या एका वाक्याच्या विरोधात आहे. पुरातून वाचलेली कितीतरी इंजिनं त्या एका सेल्फने किंवा किकने कायमची जातात.

का, ते सांगतो. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावरची हवा दाबली जाते. 150 सीसीचं इंजिन घ्या, कॉम्प्रेशन 10 ला 1 धरा, म्हणजे आतली हवा दाबून दहाव्या भागाइतक्या जागेत येते. पिस्टन अगदी वर पोचला की वर उरलेली जागा जेमतेम 16-17 मिलीलीटर, म्हणजे छोट्या चमच्याने तीन चमच्यांहून थोडी जास्त. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. आत चार-पाच चमचे पाणी असेल तर पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. सेल्फ नुसता अडकून बसला तर नशीब म्हणायचं. पण कुणी गाडी गिअरमध्ये टाकून धक्का मारला, तर मागून गाडीचं वजन आणि वेग दोन्ही जोर लावतात आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून धरणारा दांडा, वाकतो. थोडासा वाकलेला रॉड तर जास्त फसवा. गाडी चालू होते, पळते, आणि पुढे कधीतरी तो रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

बंद गाडीच्या सिलेंडरमध्ये पाणी शिरतं कुठून? एक वाट एअर फिल्टरकडून, दुसरी सायलेन्सरमधून. इंजिन थांबलं तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पाणी आत. दोन्ही मिटलेले असतील तर सिलेंडर कोरडाही राहू शकतो. शेजारी शेजारी बुडालेल्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्यांपैकी एक सहज उठते आणि दुसरी उठत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. बाहेरून बघून ते कळत नाही. स्पार्क प्लग काढल्यावरच कळतं.

आता घाईबद्दल. घाई करायची, पण गाडी उघडण्याची. लोखंड पाण्याखाली असताना हळू गंजतं, कारण तिथे प्राणवायू कमी असतो. खरा गंज चढतो तो ओलं लोखंड हवेत आल्यावर. म्हणून बुडालेल्या बोटीचं इंजिन लगेच उघडता येणार नसेल तर जाणकार लोक ते गोड्या पाण्यातच बुडवून ठेवतात. मोटरसायकलचं असं करा असं मी सांगत नाहीये! पण पाणी ओसरलं तेव्हापासून वेळ मोजायचा, हे त्यातून घ्या. ‘उन्हात ठेवली आहे, वाळेल’ म्हणून आठवडाभर उभी केलेली गाडी बाहेरून वाळते आणि आतून गंजते.

हात लावण्याआधी फोटो काढा. पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ, मीटर, नंबर प्लेट. विमा असेल तर हे लागतं. आणि इंजिन चालू करायचा प्रयत्न केल्यामुळे झालेलं नुकसान विमावाले वेगळं काढू शकतात, हेही लक्षात असू द्या. हातमोजे आणि बूट घाला. पुराच्या पाण्यात गटारही मिसळलेलं असतं.

मग बॅटरीची वायर सोडवा, आधी निगेटिव्ह. त्यानंतर गाळ धुवायचा, आणि तो ओला असतानाच. सुकला की फटीफटीत घट्ट बसतो. साधा पाइप पुरे. गाडी धुण्याच्या प्रेशर मशीनचा मोह टाळा, कारण तो जोर गाळाला बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलतो.

प्लगच्या भोवतीची जागा स्वच्छ केल्याशिवाय प्लग काढू नका, नाहीतर सगळी वाळू सिलेंडरमध्ये. प्लग निघाला की गाडी मेन स्टँडवर घ्या, वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारी येते. चेहरा लांब ठेवा. चाक कुठे अडलं तर जोर लावू नका. पाणी निघून गेल्यावर त्याच भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा दोन-चार फेरे द्या. रिंगांना आणि सिलेंडरच्या भिंतीला तेलाचा हात लागला की तुम्हाला पुढच्या कामाला सवड मिळते. एअर फिल्टर कागदी असेल तर फेका, फोमचा असेल तर धुवून वापरता येतो. सायलेन्सर उतरवून उलटा करा.

ऑइलचा बोल्ट अगदी हळू सोडा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आधी पाणी येतं, मग तेल. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळून गेलं आहे. मोटरसायकलमध्ये बहुतेक वेळा इंजिन, गिअर आणि क्लच यांचं तेल एकच असतं, म्हणजे एका जागी शिरलेलं पाणी तिन्हीकडे पोचतं. एकदा ऑइल बदलून भागत नाही. त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल घाला, इंजिन थोडा वेळ चालवा, काढा, पुन्हा घाला. तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच, आणि शेवटी नवा ऑइल फिल्टर. क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर त्या मात्र उघडूनच बघाव्या लागतात.

पेट्रोलच्या बाबतीतही तेच. पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पेट्रोल खेचलं जातं तेही तळातूनच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं, त्यामुळे वरचं पेट्रोलही धड राहत नाही. वरवरचं वाचवायला जाऊ नका, सगळं काढा आणि टाकी आतून सुकवा. कार्ब्युरेटर असेल तर खोलून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, साफ करायचे. इंजेक्शनची गाडी असेल तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही तपासायचे, आणि ते काम घरी करण्यासारखं नाही.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक सगळ्यात कमी वेळ नेमका इथेच देतात. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी आवरणाच्या आत वर चढत जातं. कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड, बाहेरून कोरडा दिसतो आणि आत हिरवा गंज धरतो. प्रत्येक कपलर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हवेने सुकवा, इलेक्ट्रिकसाठीचं ग्रीस लावून परत जोडा. फ्यूज, रिले, हँडलवरचे स्विच, किल्लीचा स्विच, काहीच सोडू नका. जुन्या साध्या गाड्यांत हे एका दिवसाचं काम असतं. ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ढीगभर सेन्सर असलेल्या गाडीत याच कामावर ठरतं की गाडी वाचवण्यात अर्थ आहे की नाही. समुद्राचं पाणी सीटच्या वर गेलेलं असेल, तर माझ्या मते अशा गाडीवर पैसे घालू नयेत. खारं पाणी तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही खात राहतं, आणि महिन्या-महिन्याने नवा बिघाड काढतं.

स्कूटरवाल्यांनी बेल्टचं झाकण उघडून आत कोरडं आणि स्वच्छ करावं. मागचं गिअर ऑइल वेगळं असतं, तेही बदलावं.

इलेक्ट्रिक स्कूटरचं प्रकरण निराळं आहे आणि गंभीर आहे. बॅटरीवर लिहिलेलं आयपी 67 हे पाणी आत न शिरण्याचं प्रमाण, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, तेही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात. पूर असा मोजून येत नाही. भिजलेली लिथियम बॅटरी काही दिवसांनंतरही पेट घेऊ शकते. ती चार्जिंगला लावू नका, घरात किंवा जिन्याखाली ठेवू नका. घरापासून, इतर गाड्यांपासून निदान 15 मीटर दूर, मोकळ्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. बॅटरी स्वतः उघडायची नाही.

इंजिन सुरू झालं की सगळे टाळ्या वाजवतात आणि गाडी रस्त्यावर काढतात. थांबा. ब्रेक राहिलेत. ड्रममध्ये गाळ असतो, लायनर भिजलेले असतात. डिस्कचं ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं: डॉट 4 या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणजे लांब उतारावर ऐन वेळी लिव्हर पोकळ जाणार. ते बदलाच. चाकांची बेअरिंग, हँडल ज्यावर फिरतं ते कोन सेट, मागचं चाक धरणारा स्विंग आर्म हे लगेच बोलत नाहीत. गाळ आत राहिला तर काही महिन्यांनी घरघर सुरू होते. चाकं निघालेलीच आहेत तर बेअरिंग बदलून टाका, गाडीच्या मानाने तो खर्च मामुली असतो. पुढच्या शॉकअपचं तेलही काढा, कारण त्यातली वाळू आधी सील खाते आणि मग नळीला ओरखडे पाडते.

जाता जाता, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. पूर येऊन गेला की बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून विकायला येतात. पॉलिश सगळे बघतात; तुम्ही सीटखालचे स्क्रू बघा, एअर फिल्टरच्या डब्याचे कोपरे बघा, एखादा कपलर सोडवून त्याच्या पिना बघा. हेडलाइटच्या आतल्या बाजूला गाळाची पुसट रेघ हमखास राहून जाते, कारण तिथवर धुवायला कुणी जात नाही. तो खोलून दाखवायला विकणारा तयार नसेल, तर तिथून निघा.

नमस्कार.